पाण्यावरचा पालक आणि शनिवार-रविवार

बुलढाणा जिल्ह्यातलं कुठलंही कार्यालय घ्या. तहसील असो, पतसंस्था असो की वकिलाची दोन खोल्यांची जागा असो, खिडकीत बाटलीतला मनी प्लांट दिसणारच. माती नाही, खत नाही, कुणी ढुंकून बघत नाही, तरी वेल ट्यूबलाइटच्या पट्टीपर्यंत चढलेला असतो. 'हापिसात हायड्रोपोनिक बाग करू या' ही कल्पना बहुतेकांच्या डोक्यात या वेलामुळेच शिरते. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. त्यात पांढऱ्या नळ्या असतात, त्यांतून डोकावणारे लेट्यूसचे गड्डे असतात आणि एक हसरा माणूस असतो. निरोप समारंभाच्या वर्गणीतून थोडे पैसे उरलेले असतात. निर्णय होऊन जातो.

मनी प्लांट इथेच फसवतो. तो मुळात सावलीत तग धरणारा वेल आहे. त्याला थोडं मिळालं तरी पुरतं. पालकाचं तसं नाही. पालक महिना-सव्वा महिन्यात ताटात यायला हवा, त्यामुळे त्याची प्रकाशाची, अन्नाची आणि मुळांपाशी लागणाऱ्या हवेची भूक मोठी असते. बाटलीतल्या वेलावरून पालकाचा अंदाज बांधला की पुढचे सगळे गैरसमज ओळीनं येतात. माझा बागेला विरोध नाही. बागेबरोबर जी आश्वासनं वाटली जातात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

"हे इस्रायलचं नवं तंत्र आहे"

ठिबक आल्यापासून शेतीत नळीतून जे जे येतं ते इस्रायलचं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. पाण्यावर झाड वाढवण्याचा शास्त्रशुद्ध पाया मात्र १८६०च्या सुमारास जर्मनीत घातला गेला. युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मोजून मापून क्षार पाण्यात विरघळवले आणि त्या द्रावणावर झाडं वाढवून दाखवली. झाडाला नेमकी कोणती अन्नद्रव्यं लागतात, हे त्यातून उलगडत गेलं. १९३०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी हा प्रयोग प्रयोगशाळेबाहेर काढला आणि टोमॅटोचे उंचच उंच वेल वाढवले. वर्तमानपत्रांना विषय मिळाला आणि लोकांना आता मातीची गरजच उरली नाही असं वाटू लागलं. मग त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी दावे तपासले. १९३८च्या त्यांच्या पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यातलं पीक आपोआप सरस ठरत नाही. ती पुस्तिका आजही वाचली जाते, पण तिच्यातलं द्रावण सगळ्यांना आठवतं आणि हा निष्कर्ष कुणाला आठवत नाही.

आपल्या देशातही हे काही काल-परवा आलेलं नाही. १९४६-४७च्या सुमारास कालिम्पोंगमध्ये जे. शोल्टो डग्लस यांनी साध्या वाफ्यांत खडी-वाळूसारखं माध्यम भरून, मोजलेली खतं देऊन भाज्या घेतल्या. त्यांची ही पद्धत 'बंगाल पद्धत' म्हणून ओळखली गेली. तिचा सारा भर पंप आणि महागडी यंत्रं टाळण्यावर होता. बुलढाण्यातल्या कार्यालयाला व्हिडिओतल्या नळ्यांपेक्षा कालिम्पोंगचा हा विचार जास्त जवळचा आहे. का, ते पुढे येईलच.

"चाऱ्याचं जमलं, मग भाजीचं का नाही?"

हायड्रोपोनिक हा शब्द या जिल्ह्यात कार्यालयांआधी गोठ्यांत पोचला. दुष्काळाच्या वर्षांत जनावरांसाठी ट्रेमध्ये मक्याचा चारा उगवण्याची शिफारस राज्यभर झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये शासनानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बुलढाणा जिल्ह्यातले तालुकेही होते. मका रात्रभर भिजवायचा, गोणपाटात बांधून मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा आणि दिवसातून अनेकदा पाणी शिंपडायचं. सात-आठ दिवसांत पांढऱ्या मुळांच्या जाळ्यावर हिरवी सतरंजी तयार होते आणि ती मुळांसकट जनावरापुढे टाकता येते. 'एक किलो मक्याचा पाच-सहा किलो चारा' हे वाक्य त्या काळात घरोघरी झालं.

वजनाचा आकडा खरा आहे, पण वाढलेलं वजन पाण्याचं आहे. मक्याचा दाणा वाळवून तोलला आणि आठ दिवसांनी ती सतरंजी वाळवून तोलली, तर सुका भाग वाढलेला नसतो, बहुधा थोडा घटलेलाच असतो. उगवताना दाणा स्वतःजवळचा पिठूळ साठा जाळतो आणि आठ दिवसांत पानं तो साठा भरून काढू शकत नाहीत. दुष्काळात जनावराला काहीतरी ओलं, हिरवं आणि रुचकर मिळतं, हा फायदा खराच. पण एकाचे सहा झाले असा हिशेब मांडला तर तो कागदावरच राहतो.

कार्यालयाच्या दृष्टीनं मुद्दा असा, की तो चारा दाण्याच्या शिदोरीवर वाढतो. त्याला खत लागत नाही, प्रकाशही बेताचाच पुरतो. शिदोरी संपायच्या आत आपण तो कापतो. भाजीचं काम नेमकं तिथून पुढे सुरू होतं. म्हणून गोठ्यातलं यश हा टेबलावरच्या पालकाचा पुरावा होत नाही. ज्यांना आठवड्यात काहीतरी हिरवं बघायचंच आहे, त्यांनी खुशाल ओल्या कोकोपीटच्या ट्रेमध्ये मेथी किंवा गहू पेरावा आणि बोटभर झाला की कापावा. त्यात फसायला फारशी जागा नाही.

"पाणी काय, कुठलंही चालतं"

या जिल्ह्यात हा गैरसमज सर्वांत महागात पडतो.

इथली माणसं जिल्ह्याचे दोन भाग सहज करतात, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. हवा वेगळी, तसं पाणीही वेगळं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी इतकं खारट, की जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागाला पिण्यासाठी वान धरणावरून १४० गावांची योजना करावी लागली.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप म्हणजे टीडीएस. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं, असं म्हटलं आहे. आता पालेभाजीला द्यायचं खताचं द्रावण घ्या. ते तयार झालं की टीडीएस मीटरवर साधारण ६०० ते ९०० दाखवतं. तुमचं मूळ पाणीच हजार दाखवत असेल, तर खत घालायला जागाच कुठे उरली? काही जण यावर खूश होतात आणि 'पाण्यातच खत आहे' म्हणतात. मीटर किती क्षार आहेत ते सांगतो, कोणते आहेत ते सांगत नाही. खारपाणातल्या पाण्यात भरणा असतो सोडियमचा, क्लोराइडचा आणि बायकार्बोनेटचा. सोडियम म्हणजे जेवतही नाही आणि उठूनही जात नाही असा पाहुणा. झाड पाणी पिऊन घेतं, खत उचलतं, सोडियम डब्यातच राहतो. वरून त्याच पाण्याची भर घातली की तो आणखी साचतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पानांच्या कडा करपू लागतात आणि मग दोष बियाण्याला दिला जातो.

घाटावरची अडचण वेगळी. काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, साबणाला फेस न येणारं. त्यातले बायकार्बोनेट द्रावणाचा सामू (पीएच) वर ढकलत राहतात. पालेभाजीला सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. तो सातच्या वर गेला की लोह डब्यात असूनही झाडाला उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चित्र दिसलं की लोक आणखी खत घालतात. गरज असते आम्लाच्या चार थेंबांची. (सामू वर गेला की किती टोकाला जाऊ शकतो, ते बघायला आपल्याच जिल्ह्यात लोणार आहे. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या घरात आहे आणि त्यात मोजक्या सूक्ष्मजीवांचंच राज्य चालतं.)

मग पाणी आणायचं कुठून? कार्यालयात आरओच्या पाण्याची कॅन येतेच. 'आरओचं पाणी मेलेलं असतं, त्यात झाड जगत नाही,' असंही एक वाक्य ऐकू येतं. नुसत्या आरओच्या पाण्यात झाड उपाशी राहील हे खरं, पण आपण खत घालणारच आहोत. पाटी कोरी असली की काय लिहायचं ते आपल्या हातात राहतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खतातून द्यायचं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. उलट आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बागेला लावण्याचा विचार सद्भावनेचा असला तरी चुकीचा आहे, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस सोडून गच्चीवरचं पाणी साठवता आलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही.

"दिवसभर ट्यूबलाइट असते ना"

माणसाचा डोळा उजेडाच्या बाबतीत फार क्षमाशील आहे. तीन-चारशे लक्समध्ये आपण आरामात फाइल वाचतो आणि खोली लख्ख आहे असं म्हणतो. बाहेर उन्हाळ्याच्या दुपारी एक लाख लक्सच्या आसपास प्रकाश असतो. पालेभाजीला बारा-चौदा तास, दहा ते चौदा हजार लक्सच्या घरातला उजेड लागतो. म्हणजे तुमच्या टेबलावरच्या उजेडाच्या निदान पंचवीस-तीस पट. त्यापेक्षा कमी मिळाला तर झाड लगेच मरत नाही. ते लांबट, फिकट होतं, काडीसारखं वाढतं आणि शेवटी आडवं पडतं. लोकांना वाटतं खत कमी पडलं.

पूर्वेकडची खिडकी असेल आणि तीन-चार तास सकाळचं ऊन आत येत असेल, तर पुदिना आणि पालक तिच्यात बरे येतात. काचेपासून तीन-चार फूट आत सरकलात की उजेड झपाट्यानं पडतो. डबा खिडकीच्या कट्ट्यावरच हवा, कपाटावर नको. पश्चिमेची खिडकी घाटाखाली मार्चनंतर विसरायची. खिडकीच नसेल तर एलईडीचे दिवे लावावे लागतात. त्यांचा हिशेब शेवटी करू.

"एकदा यंत्र बसवलं की बघावं लागत नाही"

विकणारे हेच वाक्य सर्वांत आधी उच्चारतात आणि कार्यालयांना हेच सर्वांत जास्त आवडतं.

नळ्यांच्या पद्धतीत पाण्याचा पातळसा थर मुळांखालून सतत वाहत राहतो. त्यामुळे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. फार सुरेख रचना आहे, पण ती पंप चालू असेपर्यंतच. पंप थांबला की नळीतलं पाणी टाकीत उतरतं आणि उन्हाळ्यात दोन-तीन तासांत मुळं सुकायला लागतात. आता सरकारी कार्यालयाचं वेळापत्रक बघा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाचा आठवडा पाच दिवसांचा झाला. कार्यालय शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला सुटतं आणि सोमवारी सकाळी पावणेदहाला भरतं. मध्ये साडेत्रेसष्ट तास जातात. जाताना शिपाई मेन स्विच बंद करतो, आणि तो ते योग्यच करतो, आग लागण्याची भीती असते. दिवाळी आणि लागून आलेल्या सुट्ट्या वेगळ्याच. शिवाय महावितरणची वीज घटकाभरही जाणार नाही, असं लिहून द्यायला कोण तयार आहे? ज्या जागेत दर आठवड्याला अडीच दिवस वीज बंद ठेवण्याचा शिरस्ता आहे, तिथे विजेवर जगणारी बाग लावणं म्हणजे तिचं मरण वेळापत्रकात लिहून ठेवणं होय.

त्यात एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम. ज्या हौशी बाबूंनी बाग उभी केली, ते नेमके उन्हाच्या तोंडावर सिंदखेड राजाहून जळगाव जामोदला जातात. नवीन येणाऱ्याला चार्जमध्ये फाइली मिळतात, पालक मिळत नाही.

मग करायचं काय? पंपाशिवायची पद्धत. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावानं ती ओळखली जाते आणि तिच्यात हलणारा एकही भाग नाही. झाकणाचा वीसेक लिटरचा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा. तो पारदर्शक नको, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. पारदर्शकच असेल तर बाहेरून काळा रंग द्या आणि वर पांढरा, म्हणजे तापणार नाही. झाकणाला चार भोकं पाडून त्यांत जाळीचे छोटे पेले बसवायचे. डबा द्रावणानं इतकाच भरायचा, की पेल्याचं बूड अर्धा इंच बुडेल. कोकोपीटमध्ये उगवलेली दोन आठवड्यांची रोपं त्या पेल्यांत ठेवायची. बस.

पुढे जे घडतं ते झाकण उचलून बघण्यासारखं आहे. झाड पाणी पितं, पातळी खाली जाते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये पोकळी तयार होते. त्या पोकळीत लोंबणाऱ्या मुळांवर पांढरी बारीक लव येते. ही मुळं दमट हवेतून प्राणवायू घेतात आणि खालची मुळं पाण्यात राहून पीत असतात. एकाच झाडाची मुळं दोन कामं वाटून घेतात. लेट्यूसच्या एका गड्ड्याला काढणीपर्यंत चारेक लिटर द्रावण पुरतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी दिवे मालवले, मेन स्विच पाडला, तरी डब्यातल्या झाडाला त्याची वार्ताही नसते.

या पद्धतीला मारतो तो दयाळू माणूस. पातळी खाली गेलेली दिसली की कुणीतरी तांब्याभर पाणी ओतून डबा काठोकाठ भरतो. हवेवर जगणारी मुळं बुडतात आणि दोन दिवसांत झाड मान टाकतं. भेटायला आलेले लोक ग्लासात उरलेलं पाणी झाडाला घालतात, हा आपल्याकडचा संस्कार आहे. कुंडीत तो चांगला, इथे घातक. डब्यावर 'पाणी घालू नये' अशी चिठ्ठी लावा आणि चहाचाही उल्लेख करा. फारच खाली गेलं तर निम्म्या ताकदीचं द्रावण अर्ध्या डब्यापर्यंत घालायचं, त्याच्या वर नाही.

उष्णतेचं काय? पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना साडेसात. त्याच उबेत मूळकुजीची बुरशी फोफावते. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली आणि डब्याला कुजका वास आला की समजायचं. मे महिन्यात मलकापूर-शेगावकडच्या बंद कार्यालयातलं पाणी शनिवार-रविवारी किती तापत असेल, ते कुणी सांगायला नको. एसी असला तरी तोही मेन स्विचबरोबर बंदच होतो.

"१९:१९:१९ टाकलं की झालं"

ठिबकमुळे विद्राव्य खतं या जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहेत. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन करणाऱ्यांना तर ती तोंडपाठ असतात. म्हणून हा सल्ला हमखास मिळतो. शेतात तो चालतो, कारण माती उरलेलं भागवते. १९:१९:१९ मधलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जीवाणू युरियाचं रूपांतर करून झाडाला देतात, डब्यात ते जीवाणू पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. कोवळ्या पानांची टोकं जळली की बहुधा कॅल्शियमच कमी पडलेलं असतं.

पाण्यातल्या पिकासाठी 'अ' आणि 'ब' अशी दोन भागांत खतं मिळतात. कॅल्शियम नायट्रेट एका भागात आणि सल्फेट-फॉस्फेट दुसऱ्यात. ही विक्रेत्याची चलाखी नव्हे. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र ओतली की कॅल्शियमचा पांढरा साका तळाशी बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. आधी पाणी, मग 'अ' घालून ढवळायचं, मग 'ब'. हा क्रम मोडू नका.

माती नाही म्हणून सेंद्रिय, कीड नाही, डास मात्र होतात

दोन छोटे गैरसमज आणि एक रास्त भीती एकत्र उरकतो. माती नाही म्हणजे भाजी सेंद्रिय, असं नाही. डब्यातलं सगळं अन्न कारखान्यातल्या क्षारांतून येतं. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तर जमिनीत न वाढलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणताच येत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, झाड नायट्रेट नायट्रेट म्हणूनच उचलतं, ते शेणखतातून आलेलं असो वा पुडीतून. फक्त उजेड कमी आणि खत जास्त असेल तर पानांत नायट्रेट साचतं, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात खताचा मारा नको.

कीड येते. मावा खिडकीतून येतो, लाल कोळी कोरड्या हवेत येतो. बंद खोलीत त्यांना खाणारे मित्रकीटक नसल्यामुळे त्यांचं फावतं. फवारणीचं औषध कार्यालयात आणायचा विचारही नको. पान धुवा, फारच झालं तर झाड उपटून टाका.

डासांची भीती मात्र रास्त आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास उडतो. आरोग्य खातं आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगतं, आपला डबा महिनाभर भरलेला असतो. त्यामुळे झाकण घट्ट हवं, पेल्याभोवतीची फट स्पंजनं बुजवायला हवी आणि रिकामं भोक टेपनं बंद करायला हवं. हे जमणार नसेल तर बाग लावू नये. पालिकेचा माणूस तपासायला येऊन आपल्याच कार्यालयाला नोटीस देऊन गेला, तर तक्रार करायला तोंड राहणार नाही.

"हवा शुद्ध होते"

या समजाला नासाचा आधार दिला जातो. १९८९ मध्ये नासाच्या वोल्व्हर्टन यांनी छोट्या हवाबंद पेट्यांत कुंड्या ठेवून हवेतली काही रसायनं कमी होतात असं दाखवलं होतं. अंतराळयानासाठी तो प्रश्न महत्त्वाचा होता. आपलं कार्यालय हवाबंद नाही. दार उघडतं, खिडकीच्या फटीतून हवा येते-जाते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे जुने प्रयोग एकत्र तपासले. साध्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. वीस फूट बाय वीस फूट खोलीत सर्वांत कमी म्हटलं तरी ३७० झाडं. माणसांना बाहेर बसावं लागेल. हवा हवी असेल तर खिडकी उघडा. बुलढाण्यात तर ती उघडण्यासारखीच हवा असते.

"कॅन्टीनचा भाजीचा खर्च सुटेल"

आता तो एलईडीचा हिशेब. चार फूट बाय दोन फूट फळीवर पालेभाजीला पुरेसा उजेड पाडायला चांगल्या दिव्यांचे साठेक वॅट लागतात. रोज चौदा तास म्हणजे दिवसाला ०.८४ युनिट, महिन्याला पंचवीस. उत्पन्न किती? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यासाठी केलेला २०१५ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात पाण्यावरच्या लेट्यूसचं उत्पन्न चौरस मीटरला वर्षाला ४१ किलो धरलं होतं. शेतातल्यापेक्षा अकरा पट जास्त आणि पाणी साधारण तेरा पट कमी. 'दहापट उत्पन्न' हे वाक्य असल्याच आकड्यांवरून उचललेलं असतं. त्याच अभ्यासात पुढे लिहिलं आहे, की ऊर्जा ८२ पट जास्त लागते. ते वाक्य कुणी उचलत नाही. आणि ती अकरा पट येते ती एका वर्षात अनेक पिकं, दाट लागवड आणि सांभाळलेलं तापमान यांमुळे. पाण्यात काही जादू नसते. होगलंड आणि आर्नन यांनी नेमकं हेच सांगितलं होतं.

तो आकडा आपल्या फळीला लावला तर महिन्याला अडीच किलो भाजी येते. चाळीस माणसांच्या कार्यालयात माणशी शंभर ग्रॅम धरली तर एका जेवणाला चार किलो लागते. म्हणजे महिनाभराची पिकवण एका दुपारलाही पुरत नाही. बाजारात हिवाळ्यात पालकाची जुडी काय भावानं मिळते ते तुम्हीच बघा.

टोकियोतल्या पासोना या मनुष्यबळ कंपनीनं २०१० मध्ये नऊ मजली कार्यालयात भात, भाज्या, फळं अशा दोनशेच्या आसपास प्रकारच्या वनस्पती लावल्या आणि जगभर नाव झालं. तिथेही झाडांची देखभाल जाणकारांच्या मदतीनं होत होती आणि हेतू भाजी स्वस्त करण्याचा नव्हता. शेतीकडे तरुणांनी वळावं, हे त्या कंपनीला दाखवायचं होतं. आपल्या कार्यालयातल्या निम्म्या लोकांची गावाकडे शेती असते, त्यांना हा धडा नको.

तरीही मी दोन डबे ठेवीन. एकात पुदिना, बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या घेऊन, खालची पानं काढून पाण्यात ठेवलेला. त्याला मुळं फुटायला आठवडाभर पुरतो आणि चार पानं तोडून चहात टाकता येतात. दुसऱ्यात आपला देशी पालक. तो बीटच्या कुळातला आहे, लेट्यूसपेक्षा उन्हाला टिकतो. त्याचं एक 'बी' म्हणजे दोन-तीन बियांची गाठ असते, तेव्हा प्रत्येक पेल्यात एकच रोप ठेवून बाकीची खुडायची. सांभार (कोथिंबीर) लावायचा असेल तर धणे रगडून दोन फाळ करून पेरावेत, आणि दहा-बारा दिवस उगवला नाही म्हणून पेला उकरून बघू नये. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची यांच्या नादी लागू नये, त्यांना कार्यालयात मिळतो त्यापेक्षा फार जास्त उजेड लागतो.

दसऱ्यानंतर सुरू करा. घाटावर मार्चअखेरपर्यंत, घाटाखाली होळीपर्यंत चालवा आणि मग डबे धुऊन पालथे घाला. नळ्यांचा टॉवर, रॅक, पंप यांच्या कोटेशनवर सही करण्याआधी एक साधा टीडीएस मीटर विकत घ्या आणि कार्यालयातलं नळाचं, बोअरचं आणि कॅनचं, अशी तिन्ही पाणी मोजा. बोअरचा आकडा ५००च्या वर निघाला तर त्या पाण्यात हायड्रोपोनिकचं एकही झाड लावू नका.